पुन्हा कॅम्पसवर, या वेळी पगारासकट!

हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅब तासभर अडकली की 'बास झालं, आता परत शिकायला जाते' असं तुम्ही कधी ना कधी म्हटलं असेलच. मग हे वाचा. विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत जागा निघतात, फेलोशिप्स मिळतात, पैसेही अगदीच टाकाऊ नाहीत. फक्त जाहिरातीतली बारीक अक्षरं वाचता आली पाहिजेत.

विद्यापीठात नोकरी म्हटलं की डोळ्यांसमोर दोनच माणसं येतात. एक, फळ्यासमोरचे सर. दोन, खिडकीपलीकडून 'लंच टाइम आहे, तीननंतर या' असं सांगणारे काका. या दोघांच्या मधे केवढी दुनिया आहे, हे बाहेरून कळतच नाही.

मी त्या मधल्या दुनियेतली. एमए इकॉनॉमिक्स, मग पाच वर्षं एका केपीओमध्ये परदेशी विम्याचे क्लेम तपासले. आता चार वर्षं झाली, पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या संशोधन प्रकल्पावर को-ऑर्डिनेटर आहे. जुने कलीग्ज भेटले की प्रश्न ठरलेले. 'मजा आहे बॉस, कॅम्पस लाइफ!' आणि मग आवाज खाली आणून, 'पण देतात किती?' आई मात्र एकच प्रश्न विचारते. 'पर्मनंट झालीस का गं?'

प्रश्न दोन्ही रास्त आहेत. मी त्यात तिसऱ्याची भर घालते, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. हा पैसा कुणाचा आहे, आणि कधीपर्यंत आहे?

कोपऱ्यातली पीडीएफ

या नोकऱ्या मोठ्या जॉब पोर्टल्सवर फारशा दिसत नाहीत. संस्थेच्या वेबसाइटवर 'करिअर्स' किंवा 'ओपनिंग्ज' अशा नावाच्या पानावर एक पीडीएफ पडलेली असते, बऱ्याचदा तिरपी स्कॅन केलेली. वर बोधचिन्ह, खाली कुणाची तरी सही आणि मुलाखत पुढच्या मंगळवारी सकाळी साडेनऊला! पद असतं प्रोजेक्ट असिस्टंट, प्रोजेक्ट असोसिएट, रिसर्च असोसिएट, फील्ड इन्व्हेस्टिगेटर नाहीतर प्रोजेक्ट मॅनेजर. जागा बहुतेक वेळा एकच. कळतं ते आतल्यांना आणि आतल्यांच्या मित्रांना. म्हणून आवडीच्या आठ-दहा संस्थांची ती पानं बुकमार्क करायची आणि सोमवार सकाळच्या कॉफीबरोबर उघडून बघायची. पाच मिनिटांचं काम आहे, तेवढा वेळ आपण रील्सवर रोज घालवतोच.

पुण्यात तर हा सगळा बाजार एका रिक्षाच्या टप्प्यात आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडच्या आवारातच आयुका, एनसीआरए आणि एनसीसीएस या तीन राष्ट्रीय संस्था. तिथून पाषाणच्या रस्त्याला लागलं की एनसीएल आणि जवळच आयसर. मुंबईत पवईला आयआयटी, कुलाब्याला टीआयएफआर, माटुंग्याला आयसीटी, देवनारला टिस आणि आयआयपीएस. नागपुरात नीरी, गोव्यात दोना पावलाला एनआयओ.

आणि नावं ऐकून घाबरू नका. हे सगळं शास्त्रज्ञांपुरतं नाही. आयआयपीएसचंच बघा. आपल्या देशात किती बाळांना लशी मिळतात, किती बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, याचे आकडे ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून येतात, ते ही संस्था १९९२-९३ पासून सांभाळते. अशा कामाला सांख्यिकीवाले लागतात, समाजशास्त्रवाले लागतात, प्रश्नावली मराठीत नीट लिहिणारे लागतात आणि घरोघरी जाऊन ती भरून घेणारेही लागतात.

देतात किती?

चला, आता मुद्द्याचं. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं २०२३ मध्ये फेलोशिपचे दर वाढवले. ज्युनिअर रिसर्च फेलो, म्हणजे जेआरएफ, महिना ३७,००० रुपये. दोन वर्षांनी सीनिअर झालात की ४२,०००. पीएचडीनंतर रिसर्च असोसिएट म्हणून तीन पायऱ्या, ५८,०००, ६१,००० आणि ६७,०००. वर केंद्राच्या दरानं घरभाडं भत्ता, आणि मुंबई-पुणे सगळ्यात वरच्या श्रेणीत येतात. हॉस्टेल मिळालं तर मात्र भत्ता नाही. यूजीसीनंही त्याच वर्षी जेआरएफ आणि एसआरएफचे आकडे हेच केले.

आता हिशोब करा. ३७,००० गुणिले बारा म्हणजे ४ लाख ४४ हजार, शिवाय घरभाडं. मगरपट्ट्यात फ्रेशरला मिळणाऱ्या साडेतीन लाखांच्या 'पॅकेज'पुढे हा आकडा लाजायचा नाही. प्रॉब्लेम फ्रेशरला नाहीच. प्रॉब्लेम तुम्हाआम्हाला आहे, ज्यांची पाच-सहा वर्षं झाली, ज्यांच्या डोक्यावर टू-बीएचकेचा ईएमआय बसलाय आणि ज्यांना दर दिवाळीला व्हेरिएबल पेची सवय लागलीय. शिवाय इथे दरवर्षी अप्रेझल नाही. २०१९ मध्ये जेआरएफ ३१,००० झाली होती, ती हलायला २०२३ उजाडलं. मधल्या काळात दूध, पेट्रोल आणि घरमालक काही थांबले नव्हते.

याच्या वरची एक पायरी पीएमआरएफची, म्हणजे पंतप्रधान संशोधन फेलोशिपची. २०१८ मध्ये ती सुरू झाली तीच मुळी महिना ७०,००० रुपयांनी. तिसऱ्या वर्षी ७५,००० आणि शेवटच्या दोन वर्षांत ८०,०००. २०२५ च्या अर्थसंकल्पात या योजनेखाली आयआयटी आणि आयआयएससीमध्ये पाच वर्षांत दहा हजार फेलोशिप्स देण्याची घोषणा झाली. पण ही गाळणी फार बारीक आहे. इंजिनीअरिंग, सायन्स आणि उत्तम मार्क्स, तिन्ही असतील तरच तिच्या नादी लागा.

महाराष्ट्रात राज्य सरकारच्या पैशावर चालणाऱ्याही फेलोशिप्स आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी बार्टी, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. गावाकडून आलेल्या कितीतरी पोरांची पीएचडी या पैशावर उभी आहे. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा त्यातलाच, घरातला पहिला ग्रॅज्युएट. पण इथे पैशाबरोबर राजकारणही येतं. जागांची संख्या किती, पैसे नोंदणीच्या तारखेपासून की नंतर, यावरून या मुलांना आंदोलनाला बसावं लागलेलं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी पीएचडी करून ही पोरं काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला आणि मग मोठा गदारोळ झाला. आमच्या कॅन्टीनमध्ये त्यानंतर आठवडाभर कुणी ट्यूबलाइट लावली तरी हशा पिकायचा.

दोन जेआरएफ, एक नाव

इथे बहुतेकांची गल्लत होते, म्हणून नीट सांगते. 'जेआरएफ' नावाच्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, नेट परीक्षा देऊन मिळालेली. ही तुमच्या खिशात असते. पत्र हातात आलं की मुदतीच्या आत कुठल्याही मान्यताप्राप्त ठिकाणी गाइड आणि पीएचडीला प्रवेश मिळवायचा. पैसे तुमच्या नावावर येतात. दुसरी, प्रकल्पावरची. एखाद्या मॅडमना तीन वर्षांचा प्रकल्प मंजूर झाला, त्यात एका जेआरएफची तरतूद होती, त्या जागेवर तुम्हाला घेतलं. पैसे प्रकल्पाचे. प्रकल्प संपला की जागा संपली, तुमची पीएचडी कुठल्या का चॅप्टरवर असेना! जाहिरातीत याला एक गोड वाक्य असतं, 'पद पूर्णतः तात्पुरते व प्रकल्पाच्या कालावधीपुरते.' मुलाखतीला येणाऱ्यांपैकी अर्धे लोक हे वाक्य वाचतच नाहीत असा माझा अनुभव आहे.

म्हणून ऑफिस सोडायच्या आधी नेट द्या. वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबर. पहिल्या पेपरात ५० प्रश्न, दुसऱ्यात १००, वेळ तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. पहिला पेपर आकलन, तर्क, तक्ते वाचणं असल्या गोष्टींचा, म्हणजे ज्यांनी रोज एक्सेल उघडलंय त्यांचा हातखंडा. मास्टर्सला ५५ टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गांना ५०. मॅनेजमेंट, सोशल वर्क, मास कम्युनिकेशन, कॉम्प्युटर, मराठी, सगळे विषय आहेत. सायन्सवाल्यांची परीक्षा वेगळी, सीएसआयआरची. २०२४ पासून या स्कोअरवर पीएचडीला प्रवेशही मिळू लागला आहे, त्यामुळे जेआरएफ थोडक्यात हुकली तरी परीक्षा फुकट जात नाही.

वयाचा काटा मात्र बघा. यूजीसीच्या जेआरएफला ३० वर्षांची मर्यादा आहे. मागास प्रवर्ग, दिव्यांग, ट्रान्सजेंडर आणि बायका, सगळ्या बायका, यांना पाच वर्षांची सवलत. ही गोष्ट कितीतरी मैत्रिणींना माहीतच नसते. एकोणतिसाव्या वाढदिवशी 'आता काय उपयोग' म्हणून पुस्तकं रद्दीत घालायला निघालेल्या एकीला मी स्वतः थांबवलंय. असिस्टंट प्रोफेसरच्या पात्रतेसाठी तर वयाची अटच नाही.

परीक्षेच्या बाबतीत एक गोष्ट मनाशी ठरवून ठेवा. तारीख पक्की समजून राजीनामा देऊ नका. १८ जून २०२४ ला देशभरात नऊ लाखांहून जास्त मुलांनी नेट दिली आणि दुसऱ्याच दिवशी ती रद्द झाली. फेरपरीक्षा ऑगस्टच्या शेवटी सुरू होऊन सप्टेंबरपर्यंत चालली. त्या अडीच महिन्यांत ज्यांच्या हातात पगार होता ते शांत होते, बाकीच्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

आणि हो, सेट. पुणे विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोव्यासाठी घेतं ती. ती पास झालात तर या दोन राज्यांत प्राध्यापकीची पात्रता येते. फेलोशिप येत नाही.

पैसा कुणाचा?

हा माझा आवडता विषय, कारण माझं निम्मं काम याच्याभोवती फिरतं.

प्रकल्प मंजूर होतो तेव्हा पैसे एका रकमेत येत नाहीत. मंजुरीपत्रात डोकी पाडलेली असतात. मनुष्यबळ, उपकरणं, प्रवास, किरकोळ खर्च आणि संस्थेचा वाटा. पहिल्या वर्षाचा हप्ता येतो. वर्ष संपलं की कुठे काय खर्च झालं याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, आमच्या भाषेत 'यूसी', पाठवायचं. ते वरच्या ऑफिसला पटलं की पुढचा हप्ता. आता कल्पना करा. संस्थेच्या अकाउंट्समध्ये यूसीवर एका सहीसाठी फाइल थांबली. सरांनी एका परिषदेची बिलं दिलीच नाहीत. दिल्लीच्या पोर्टलवर एक आकडा जुळेना. या तिन्हीतलं काहीही झालं तरी हप्ता अडकतो, आणि पहिली काट बसते ती 'मनुष्यबळा'वर. म्हणजे तुमच्यावर.

मी आधी ज्या संस्थेत काही महिने काम केलं तिथे असंच झालं. सलग चार महिने पगार आला नाही. पाचव्या महिन्यात सगळा एकदम आला, तोवर क्रेडिट कार्डानं आपलं काम चोख बजावलं होतं. कुणी दुष्ट नव्हतं हो तिथे. सर स्वतः खिशातून उसने देत होते. पण ईएमआयच्या बँकेला यूसी म्हणजे काय हे समजावून सांगता येत नाही! तेव्हापासून मुलाखतीत 'तुम्हाला काही विचारायचंय?' असं म्हटलं की मी तीन गोष्टी विचारते. प्रकल्पाचे किती महिने उरलेत, या वर्षीचा हप्ता आलाय का, आणि उशीर झाला तर संस्था स्वतःच्या निधीतून आगाऊ देते का. पहिल्या वेळी विचारताना घसा कोरडा पडला होता. पण समोरच्या मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, 'शहाणी आहेस.' तीच नोकरी आज करतेय.

हे फक्त छोट्या प्रकल्पांचं दुखणं नाही. जून २०२४ च्या अखेरीला टिसनं आपल्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी कॅम्पसमधल्या शंभराहून जास्त कंत्राटी शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना सेवा संपत असल्याची पत्रं दिली. कारण? त्यांचे पगार ज्या टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या अनुदानातून होत होते, त्याची मुदतवाढ झालेली नव्हती. बराच आरडाओरडा झाला, ट्रस्टकडून पैशाचं आश्वासन आलं आणि दोन-तीन दिवसांत पत्रं मागे घेतली गेली. त्यातले काहीजण दहा वर्षांहून जास्त काळ तिथे शिकवत होते. पाटीवर नाव मोठ्या संस्थेचं असलं तरी पगाराचा धागा कुठल्या तरी तिसऱ्याच्या हातात असू शकतो, एवढं यातून दिसतं.

एक्सेलवाल्यांना भाव

आता जरा गुड न्यूज. कॉर्पोरेटमध्ये आपण ज्याला 'बेसिक' म्हणतो, त्याची इथे टंचाई आहे.

माझ्या पहिल्या महिन्यात मी एक साधा ट्रॅकर केला. कुठलं बिल कुठल्या टेबलावर, किती दिवसांपासून. रंग लावले, लाल-पिवळा-हिरवा. केपीओमध्ये हे ट्रेनीसुद्धा करतो. इथे सरांनी तो छापून भिंतीवर लावला! थोर संशोधक असतात, पण कोटेशन, करार, ऑडिट म्हटलं की त्यांच्या नाकी नऊ येतात. सरकारी खरेदीचंच घ्या. बरीच वर्षं सगळं जेम पोर्टलवरूनच घ्यायचं बंधन होतं. खास केमिकल तिथे मिळायचं नाही आणि मिळालं तर शुद्धतेची बोंब. जून २०२५ मध्ये केंद्रानं संशोधन संस्थांना सूट दिली, कुलगुरू किंवा संचालक जेमबाहेरून खरेदीला परवानगी देऊ शकतात आणि कोटेशनशिवाय थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर गेली. आमच्याकडे त्या दिवशी पेढे वाटायचे बाकी होते. हे नियम ज्याला पाठ, तो माणूस डिपार्टमेंटला हवाच असतो, मग त्याच्याकडे पीएचडी असो नसो.

या कामाला आता नावही मिळालंय, रिसर्च मॅनेजमेंट. अनुदानाच्या संधी शोधणं, प्रस्तावाचं बजेट मांडणं, मंजूर झाल्यावर ते सांभाळणं. वेलकम ट्रस्ट आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या इंडिया अलायन्सनं २०१८ मध्ये या कामासाठी खास कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून बऱ्याच संस्थांना आपल्याकडे असं ऑफिस असावं असं वाटू लागलंय. दुसरं दार इन्क्युबेटर्सचं. आयआयटी बॉम्बेचं साइन २००४ चं, एनसीएलचं व्हेंचर सेंटर २००७ चं. तिथे स्टार्टअप्सना पेटंट, कंपनी कायदा, गुंतवणूकदार यांत मदत करणारी माणसं लागतात. एमबीए, सीए-इंटर, लॉ, सगळ्यांना काम. तिसरं दार लिहिणाऱ्यांचं. संस्थेचं संशोधन लोकांना समजेल असं मराठीत, इंग्रजीत सांगणारे लोक आता नेमले जातात. ज्यांना पीआर एजन्सीत शाम्पूवर लिहून कंटाळा आलाय त्यांनी इकडे जरूर बघावं. कृष्णविवरांवर लिहिण्यात निदान रोज क्लायंटचा फोन येत नाही.

आईच्या प्रश्नाचं काय?

पर्मनंट जागा आहेत. दोन्ही बाजूंना आहेत.

शिकवण्याच्या बाजूला असिस्टंट प्रोफेसर, सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००. मधे काही वर्षं विद्यापीठातल्या या जागेला पीएचडी सक्तीची होणार अशी हवा होती. तारीख २०२१ वरून २०२३ वर गेली आणि शेवटी जून २०२३ मध्ये यूजीसीनं सक्ती काढून नेट किंवा सेट ही किमान पात्रता ठेवली. कागदावर. प्रत्यक्षात एका जागेला पीएचडीवाल्यांची रांग असते. आणि आपल्या राज्यात तर भरतीच वर्षानुवर्षं रखडते, तोवर कॉलेजं तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर चालतात. तासाप्रमाणे पैसे, सुट्टीत शून्य. नेट, सेट, पीएचडी सगळं असलेले, चाळिशीला टेकलेले आणि लग्नाच्या बाजारात 'अजून नक्की नाही' असे सीएचबीवाले सर तुमच्याही ओळखीत असतीलच. त्यांच्यावर विनोद होतात, मला ते आवडत नाहीत. पेपर तपासणी, नॅकच्या फायली, एनएसएसचं शिबिर, सगळं यांच्याच खांद्यावर असतं.

प्रशासनाच्या बाजूला असिस्टंट रजिस्ट्रार. मास्टर्सला ५५ टक्के, केंद्रीय संस्थांत मूळ वेतन ५६,१००. म्हणजे प्राध्यापकापेक्षा फक्त १,६०० नं कमी, आणि पेन्शन योजना, मेडिकल, क्वार्टर्सची शक्यता हे सगळं आहेच. तरी आपल्या पिढीला ही पोस्ट माहीतही नसते. लेखी परीक्षा असते, तयारी बँकेच्या परीक्षेसारखी. माझ्या ओळखीची एकजण विमा कंपनीतला जॉब सोडून या वाटेनं गेली, आज परीक्षा विभाग बघते. निकालाच्या आठवड्यात तिचा फोन लागत नाही, एरवी संध्याकाळी सहाला ती घरी असते. सहाला!

मी स्वतः दोन्हीच्या मधे लटकलेय. माझा प्रकल्प येत्या मार्चला संपतो. पुढचा प्रस्ताव पाठवलाय, उत्तर नाही. असिस्टंट रजिस्ट्रारचे दोन फॉर्म भरलेत. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, 'दोनच?'

नोकरी न सोडता पीएचडी करायची असेल तर तोही रस्ता आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पार्ट-टाइम पीएचडीला मुभा आहे, कंपनीचं ना-हरकत पत्र मात्र लागतं. त्यात लिहून द्यावं लागतं की अभ्यासाला वेळ देऊ. मॅनेजर सही करेल का, हा संशोधनाचा वेगळा विषय! किमान तीन वर्षं, कमाल सहा. बायकांना आठ, शिवाय २४० दिवसांपर्यंत प्रसूती रजा. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी झालेल्यांना मास्टर्सशिवायही थेट पीएचडीला बसता येतं, हे धाकट्या भावंडांना सांगून ठेवा. आणि घरासाठी, मुलांसाठी ज्यांचं काम मधेच सुटलं अशा विज्ञानातल्या बायकांसाठी केंद्राची 'वाइज-किरण' योजना आहे, तिच्यात बायोडेटामधला खंड हा दोष मानत नाहीत. समाजशास्त्राकडच्यांनी आयसीएसएसआरवर नजर ठेवावी, तिचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसमध्येच आहे.

विमानानं जायचं असेल तर

थोडक्यात. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये पीएचडी ही बहुधा नोकरीच असते. जाहिरात निघते, करार होतो, पगारपत्रक मिळतं, कर कापला जातो. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी पद अर्धं किंवा दोन तृतीयांश वेळेचं असतं, काम मात्र पूर्ण वेळेचं. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी फेलोशिप्सना अट अशी, की ज्या देशात जायचं तिथे गेल्या ३६ महिन्यांत तुम्ही १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत. म्हणजे इथे ऑफिसात घालवलेली वर्षं आड येत नाहीत. बऱ्याच जागा युरॅक्सेस नावाच्या पोर्टलवर दिसतात.

अमेरिकेचं गणित २०२५ मध्ये बिघडलं. संशोधनाच्या सरकारी निधीला कात्री लागली आणि काही विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेश कमी केले. विद्यापीठांना एच-वन-बीच्या कोट्यातून सूट आहे, म्हणून पोस्ट-डॉक आणि स्टाफच्या नोकऱ्यांना ती वाट सोपी पडायची. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली. भावाच्या जुन्या अनुभवावर विसंबून अर्ज करू नका, त्या विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारून घ्या.

वॉक-इनला जाताना

मार्कशीट्स मूळ प्रती आणि दोन झेरॉक्स संच, जातीचा दाखला लागू असेल तर तो आणि नॉन-क्रीमी लेअरची तारीख बघून. अनुभवपत्र लेटरहेडवरचं, एचआरची मेल चालत नाही. बायोडेटा दोन पानांचा, त्यात 'हार्ड वर्किंग टीम प्लेअर' हे वाक्य नको. प्रवासखर्च मिळत नाही. साडेनऊ म्हणजे साडेनऊला नोंदणी, नंबर लागेल दुपारी दोनला, तेव्हा डबा घेऊन जा. मागच्या वेळी आमच्याकडे एका जागेला चाळीसजण आले होते.

त्या रांगेत बसल्या बसल्या एक काम करा. डिपार्टमेंटच्या पॅसेजमध्ये किंवा चहाच्या टपरीवर त्याच लॅबची मुलं हमखास भेटतात. त्यांना गाठा, सरांबद्दल थेट काही विचारू नका, अवघडतात. एवढंच विचारा, तुमच्या आधी या जागेवर जो होता तो आता कुठे आहे, आणि गेल्या महिन्याचा पगार कितव्या तारखेला झाला.